खिडक्या उघड्या ठेवा

...वाळून गेला होता तो थेंब, पण कड राहिली होती—पारदर्शक चिकटपट्टीच्या आतल्या अंगाला, एका खळग्याच्या डोक्यावरून निघून शेजारच्या खळग्याच्या डोक्यापर्यंत गेलेली, केसाएवढी, प्लेट दिव्याखाली तिरकी धरली तरच दिसणारी. तिनं प्लेट तिरकी केली. दिसली. सरळ केली. गेली. पुन्हा तिरकी केली. तळहातावर मावेल अशी ही प्लास्टिकची प्लेट, तिच्यात ओळीनं बसवलेले इवलेसे खळगे, प्रत्येक खळग्यात कुणा ना कुणाच्या छातीतून निघालेल्या क्षयाच्या जंतूचा अंश, आणि एकाचं दुसऱ्यात जाऊ नये म्हणून वर ही चिकटपट्टी. पट्टी सोडवण्याआधी प्लेट यंत्रात गरगर फिरवून घ्यायची, म्हणजे वर लागलेले थेंब खाली बसतात. प्रयोगशाळेत नव्यानं येणाऱ्याला हे पहिल्या दिवशी सांगतात. तीच सांगते, आणि चांगली दरडावून सांगते. आणि त्या दिवशी यंत्र दुसऱ्या कुणी अडवलं होतं, थांबायचा कंटाळा आला होता, तिनं कोपरा धरून पट्टी ओढली होती आणि मग आठवण होऊन, जीभ चावून, पुन्हा दाबून बसवली होती. एवढंच. एवढ्याशा आळसानं एका बाईला तीन आठवडे खुनी ठरवून टाकलं.

खुनी—हा शब्द घरात कुणी कधी उच्चारला नव्हता. घरात कुणी काहीच उच्चारत नाही, मूग गिळून बसायची या घराला फार जुनी सवय. वहिनीला क्षय झाला, सहा महिने तिनं गोळ्या घेतल्या, बरी झाली, डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बरी झाली. त्यानंतर वर्षभरानं आईला झाला, आणि आई गेली. मधली जागा ज्यानं त्यानं आपापल्या मनात भरून काढली. कुणी आवाज चढवला नाही, बोट दाखवलं नाही. फक्त वहिनी खोलीत आली की आत्या उठायची आणि खिडकी उघडायची. थंडी असो, वारा असो, टीव्हीवरची लाडकी मालिका ऐन रंगात आलेली असो, वहिनीचं पाऊल दारात पडलं की आत्या गुडघ्यांवर हात टेकून उठणार, कडी काढणार, पल्ला लोटणार आणि परत येऊन बसणार. वहिनी गेली की दादा उठून ती लावून घेणार, कारण दादाला गारठा सोसत नाही. नवरा असून त्यानं या प्रकरणात घेतलेली एकमेव भूमिका ही, गारठ्याविरुद्ध.

आणि आत्याला हे शिकवलं कुणी? मीच ना! वहिनीचं दुखणं कळलं त्या दिवशी मीच शहाणपणाचा आव आणून घरभर फिरले, खिडक्या उघड्या ठेवा, वारा खेळता ठेवा, जंतू बंद खोलीत टिकतो. खरंच होतं ते, शास्त्र होतं. पण औषध लागू पडलं की थोड्या दिवसांत माणूस दुसऱ्याला रोग देईनासा होतो, हेही शास्त्रच होतं, तेही मी त्याच आवाजात सांगितलं होतं, आणि ते मात्र कुणाच्या कानात शिरलं नाही. कानांनाही आवडनिवड असते.

तिनं प्लेट परत शीतपेटीत ठेवली. फेकायची होती खरं तर. टेबलावर संगणकाच्या पडद्याचा उजेड तसाच होता आणि त्यात सकाळपासून तोच आकडा—पण आकड्याकडे तिनं अजून नीट बघितलं नव्हतं, म्हणजे बघितलं होतं, दहादा बघितलं होतं, नुसतं बघत होती...

नमुन्याला नाव नसतं, ही इथली शिस्त. रुग्णालयातून जुने जपून ठेवलेले जंतू येतात, त्यांच्यावर क्रमांक असतो, फार तर कुठल्या दवाखान्याच्या भागातले ते असतं, बाकी काही नाही. वाचणाऱ्याला माणूस कळला की वाचताना मन आड येतं. पण थुंकीची डबी तपासायला दोन्ही वेळा तिनंच नेऊन दिली होती, वहिनीची आणि मग आईची, आणि डब्यांवरचे क्रमांक तिला पाठ होते. विसरायचं म्हणून कुणाला विसरता येतं? जुन्या नमुन्यांच्या गठ्ठ्यात ते दोन क्रमांक दिसले तेव्हा तिनं उठून सांगायला हवं होतं की हे माझ्या घरचे आहेत, दुसऱ्या कुणाला द्या. तिनं सांगितलं नाही. उलट प्लेट भरताना ते दोघं शेजारी शेजारी ठेवले. क्रमानं ते कुठल्या कुठे जात होते, पण नाही—आपली माणसं जवळ असावीत, असलंच काहीतरी हाताला वाटलं असणार. सासू आणि सून, मांडीला मांडी लावून. वहिनीच्या खळग्यात मुळात नावालाच अंश होता, जुना नमुना, त्यात फारसं काही जगलं नव्हतं. शेजारणीचा एक थेंब पडला आणि वहिनीचं सगळं बुडून गेलं.

जंतूचा जनुकसंच म्हणजे चव्वेचाळीस लाख अक्षरांचा मजकूर. तो एका छातीतून दुसऱ्या छातीत उतरत जातो, आणि उतरता उतरता दोनेक वर्षांत एखादं अक्षर चुकतं. कुणाच्या चुका कुणाशी जुळतात ते बघायचं. दोन मजकुरांत बारा अक्षरांच्या आत फरक असला तर या दोघांचा अलीकडचा काही संबंध असू शकतो म्हणायचं, त्यापलीकडे गेला तर नाही. आयुष्याची उमेदीची वर्षं तिनं हे वाचण्यात घालवली. आणि त्या दोन खळग्यांतला फरक निघाला शून्य.

शेजारच्या खळग्यांत शून्य आलं तर पहिला संशय आपल्या हातावर घ्यायचा, मग जंतूवर. हा नियम. दुसऱ्या कुणाचे नमुने असते तर तिनं त्याच दुपारी पुन्हा करायला लावले असते, वर चार शब्द सुनावले असते. या शून्याला मात्र तिनं बसायला खुर्ची दिली. ते इतकं ओळखीचं होतं! घरात सगळ्यांना जे ठाऊक होतं तेच आता यंत्रानं सांगितलं, आणि यंत्राला कुठे आत्याचा स्वभाव असतो... तीन आठवडे ती ते शून्य पोटात घेऊन हिंडली. आईची साडी कपाटात दिसली की तिला शून्य दिसायचं. वहिनीनं विचारलं, बरं वाटत नाही का गं. ती म्हणाली, काम आहे. आणि मग तो रविवार.

नको तो रविवार.

का नको? बघ की. आत्या बाहेर गेली होती, ती पुढच्या खोलीत एकटी वाचत बसली होती, वहिनी कपड्यांच्या घड्या घेऊन आत आली, काहीतरी गुणगुणत, आणि ती—मी—उठले. माझ्या हातानं मी कडी काढली. पल्ला लोटून वळले तेव्हा गुणगुणणं थांबलेलं होतं. वहिनीनं घड्या पलंगावर ठेवल्या, वरचा टॉवेल पुन्हा एकदा नीट केला आणि गेली. ते शास्त्र नव्हतं, बरी होऊन दोन वर्षं लोटलेल्या बाईचं कसलं शास्त्र. आणि आत्याची असते तशी भीतीही नव्हती. राग होता तो. आई गेल्यापासून त्याला बसायला जागा मिळत नव्हती आणि आता एक मिळाली होती.

त्यानंतर चार दिवसांनी नव्या लोकांना नियम सांगताना ती म्हणाली, "शेजारच्या खळग्यांत शून्य आलं की पहिला संशय—" आणि वाक्य तोंडातच राहिलं. समोरचे लिहून घ्यायला थांबले होते. तिनं पाणी मागितलं.

आणि आज निकाल. मूळ नमुन्यांपासून सगळं पुन्हा केलेलं, दोघी प्लेटच्या दोन टोकांना, पट्टी काढण्याआधी प्लेट फिरवलेली, दोनदा फिरवलेली. फरक हजाराच्या वर. बारा नाही, वीस नाही—हजार! झाडासारखी जी आकृती निघते तिच्यात वहिनी एका अंगाला आणि आई पार दुसऱ्या अंगाला, मध्ये शतकं. वहिनीनं आईला काही दिलेलं नव्हतं. आईचा जंतू एका दाट झुपक्यात होता, त्या झुपक्यातले बाकीचे पुलापलीकडच्या दवाखान्याच्या भागातले, जिथं आई गुडघ्यांना शेक घ्यायला जायची. हसू आलं तिला, आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यानं तिला जोराचा ठसका लागला.

"हे दोन पुन्हा का लावलेस?" हेडमास्तर दारात उभे होते. विभागाचे प्रमुख ते. कुणी काहीही केलं तरी आधी 'का' विचारतात म्हणून सगळे त्यांना मागून हेडमास्तर म्हणतात, आणि हे त्यांना ठाऊक आहे.

"शेजारी होते सर, आणि शून्य आलं होतं."

"मग तीन आठवडे काय करत होतीस?"

तिनं पडद्यावरच्या दोन क्रमांकांवर हात ठेवला.

"घरचे आहेत?"

"नमुन्याला घर नसतं. तुम्हीच शिकवलंत."

त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला, हे ते वेळ काढण्यासाठी करतात. "मी बरंच काही शिकवलं होतं. हे या खोलीबाहेर जाणार नाही, कळलं? आज तू घरी जाऊन सांगशील की जुळलं नाही. सगळे आनंदानं नाचतील. उद्या दुसरा कुणी घरी जाऊन सांगेल की जुळलं. मग त्या घरातल्या माणसानं काय करायचं?"

"पण इथं जुळलेलं नाही ना! खरं आहे ते, सर."

"मी खरं-खोटं विचारत नाहीये."

"मी तेवढंच विचारते," ती म्हणाली, आणि आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "एक बाई वर्षभर न केलेल्या गोष्टीची शिक्षा भोगतेय, आणि ती तिनं केली नाही हे जगात फक्त मला माहीत आहे. मी सांगणार. तुम्ही काय ती कारवाई करा, चौकशी लावा, नोकरी घ्या."

"नोकरी घेऊन मी काय करू," ते म्हणाले. "ही प्लेट कोण वाचेल मग? जेवलीस का सकाळपासून काही?" आणि उत्तराची वाट न बघता ते गेले.

चांगला माणूस. पण चांगल्या माणसांचं हेच असतं, नियम सांभाळतात आणि वर जेवलीस का विचारतात... ती वेळेआधीच निघाली. रस्त्यावर दुकानांचे अर्धे दिवे लागले होते, औषधाच्या दुकानापुढे नेहमीसारखी गर्दी, एक बाई मुलाच्या शर्टाची कॉलर धरून त्याला पुढे ढकलत होती. गर्दीतून वाट काढत ती तरातरा चालत होती. वाक्यं जुळवत होती. हजाराच्या वर फरक आहे, आत्या. नाही, आधी दादाला उठवून उभं करायचं, तूही ऐक. हजाराच्या वर, आत्या, हजार म्हणजे तुझ्या सात पिढ्यांत काही नातं नाही इतका. आत्या म्हणेल, मला मेलीला काय कळतंय त्यातलं. तर मग समजावून सांगेन, चित्र काढून दाखवीन, रात्रभर बसवीन पण कळल्याशिवाय झोपू देणार नाही. आणि मग तू उठायचंस आणि ती खिडकी लावायचीस. वहिनी समोर बसलेली असताना. तुझ्या हातानं. मी बघणार आहे.

काय मजा येईल! इतक्या दिवसांत तिला कशाची मजा वाटली नव्हती.

पुलावर वारा होता. पलीकडे तो दवाखाना, त्याची पाटी इथूनही दिसायची. दर आठवड्याला ती आईला तिथं घेऊन जायची, लांबोळका हॉल, भिंतीकडेनं बाकडी, वर दोन पंखे, त्यांतला एक बंद, आणि खिडक्या बाहेरच्या धुळीमुळे कायम लावलेल्या. तिथं एक म्हातारा यायचा, खांद्याचं काहीतरी दुखणं होतं त्याला. आईला बघितलं की तो उठायचा. बसा बसा ताई, माझा खांदा दुखतो, पाय नाही दुखत, म्हणायचा आणि स्वतःच हसायचा, आणि हसता हसता खोकायचा. तोच असणार. तिला सकाळी झुपका दिसल्याबरोबर तो म्हातारा आठवला होता. तो जागा द्यायचा, आई बसायची, आणि तो समोर उभा राहून खोकायचा. त्याचा राग यायला हवा होता, आणि ती चालता चालता वाट बघत होती की आता येईल, आता येईल. कुणाचा तरी यायलाच हवा. पण त्याचं ते पायांचं बोलणं आठवून तिला नुसतं कसंतरी झालं. असू दे. वहिनी नव्हती, आजच्यापुरतं तेवढं पुरे.

घरी आली तर पुढच्या खोलीत आत्या टीव्हीपुढे, दादा फोनमध्ये डोकं घालून, खिडकी बंद. म्हणजे वहिनी मागं असणार.

"आलीस का शहाणे? आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?" आत्या म्हणाली. "तोंड का गं असं लाल?"

"चालत आले. आत्या, तुझ्याशी बोलायचंय. दादा, तूही ऊठ. थांबा, वहिनीला आणते."

"तिला कशाला," आत्या म्हणाली, अगदी सहज, आणि म्हणता म्हणता तिचे हात गुडघ्यांवर गेलेसुद्धा, उठण्यासाठी. ते हात बघितले आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सुरकुतलेले, औषधी तेलाचा वास येणारे, लहानपणी तिला कडेवर घेऊन हिंडलेले हात. बस जरा, आत्या. आज शेवटचं.

वहिनी मागच्या पायऱ्यांवर उत्तरपत्रिका तपासत होती. शाळेत गणित शिकवते ती. दुखण्यात तिला मोकळ्यावर बसायची सवय लागली आणि मग घरानं ती सवय पक्की करून टाकली. दिवा पायरीच्या वर होता, त्याचा उजेड तिच्या मांडीवर पडत होता.

"वहिनी, एक सांगायचंय."

"नापास किती झाले ते सोडून काहीही विचारा, वन्सं," वहिनी म्हणाली. वन्सं म्हणाली की समजायचं, मूड बरा आहे.

ती खालच्या पायरीवर बसली आणि एका दमात सांगितलं. डब्यांचे क्रमांक, प्लेट, अक्षरं, हजाराच्या वर. तू नाही दिलास, वहिनी. शक्यच नाही. माझ्याकडे आहे सगळं. शून्याचं तिनं सांगितलं नाही, ते सांगायची गरजच नव्हती, ती चूक होती आणि दुरुस्त झाली होती. आता तिला वाटलं वहिनी रडेल, किंवा तिच्या गळ्यात पडेल, आणि आपण तिला थोपटू, आणि मग दोघी आत जाऊ.

वहिनीनं पेनाला टोपण लावलं.

"हजार?"

"हजाराच्या वर."

"आणि किती असते तर मी दिला असं ठरलं असतं?"

"ठरत नाही तसं. बाराच्या आत असले तर शक्यता, म्हणजे—"

"म्हणजे अकरा असते तर?"

"नाहीयेत ना अकरा!" ती हसली.

"धर की अकरा आहेत," वहिनी म्हणाली, फळ्यापुढे उभी राहून म्हणत असावी तशी. "उदाहरण आहे असं समज. अकरा आहेत, मी खोलीत आले. खिडकीचं काय करायचं?"

आतून मालिकेचं संगीत ऐकू येत होतं. किती सोपं गणित होतं. तिनं ते दिवसभर सोडवलं नव्हतं, हेडमास्तरांनी हातात दिलं तरी सोडवलं नव्हतं, कारण उत्तर आपल्या बाजूचं निघालेल्या माणसाला रीत कोण विचारतो...

"त्या रविवारी तुला कितीचा आकडा मिळाला होता?" वहिनीनं विचारलं. रागानं नाही. एखादी पायरी गाळली असेल तर विचारतात तसं.

"शून्य."

वहिनीनं मान हलवली. "वाटलंच मला, काहीतरी झालंय. आत्यांचं मला फारसं लागत नाही गं, त्या घाबरतात. तू घाबरली नव्हतीस."

"वहिनी, मी—"

"थांब, तू आता माफी मागशील आणि मग मला तुझी समजूत काढायला लागेल, आणि माझे अजून एवढे पेपर राहिलेत." तिनं गठ्ठा बाजूला सरकवला. "तू मला निर्दोष ठरवायला आलीस ना? तर मी निर्दोष नाही. आईंना खोकला होता. आधीपासून. मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"बरेच महिने. तू त्यांना शेकायला न्यायला लागलीस त्याच्याही आधीपासून. बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडायच्या आणि खोकायच्या. एकदा मी दाराशी उभी राहिले आणि बाहेर आल्यावर म्हटलं, चला दाखवायला, आत्ताच्या आत्ता, वन्संना सांगते. त्यांनी माझा हात असा धरला." वहिनीनं स्वतःचंच मनगट धरून दाखवलं. "म्हणाल्या, सांगू नकोस. मलाही तुझ्यासारखं करतील."

ती एक पायरी वर सरकली.

"मी सांगायला हवं होतं. तेव्हाच गोळ्या सुरू झाल्या असत्या तर त्या आज असत्या कदाचित. पण मला वाटलं... या घरात एका बाईला तरी निवांत बसू दे. तर असं आहे. तुझे ते हजार माझ्या काय कामाचे? जंतू मी दिला नसेल. गप्प मी बसले."

शेकायला न्यायच्याही आधीपासून—ते शब्द आधी कानावरून गेले आणि मग परत आले. म्हणजे हॉलमधल्या बाकड्यावर बसली तेव्हा आई आधीच... तोंडाला पदर लावून बसायची ती, आणि मी समजायचे धुळीसाठी. आणि तो म्हातारा समोर उभा. त्यानं आईला दिला होता की आईनं त्याला? झाडासारख्या त्या आकृतीत ते दोघं जवळ जवळ असतील, बाराच्या आत असतील, तीनही असतील किंवा दोन. पण कुणाकडून कुणाकडे, हे आकृती सांगत नाही, कधीच सांगत नाही, हे ती स्वतः दरवर्षी नव्यांना सांगते. आणि त्या दाट झुपक्यातले बाकीचे? त्यांच्या घरी आता कोण उठून कसल्या खिडक्या उघडत असेल? माझी आई. नळ सोडून खोकणारी, कुणालाही त्रास नको म्हणणारी माझी आई, त्या बंद हॉलमध्ये आठवड्यामागून आठवडे, माझाच दंड धरून. तिचं काय करायचं? तिला किती अक्षरांची सूट द्यायची?

आणि मग, तिला स्वतःलाच नवल वाटलं, राग आला, पण तो आईचा नव्हता, म्हाताऱ्याचा नव्हता, वहिनीचा तर नव्हताच. आई जंतूला भ्यायली नाही. जंतूला गोळ्या होत्या, त्या समोर कपाटात वहिनीच्या उरलेल्यासुद्धा होत्या. ती आम्हाला भ्यायली. उठणाऱ्या, कडी काढणाऱ्या, एक शब्द न बोलणाऱ्या आम्हाला.

"अगं, काय बोलणार होतीस ते बोल ना!" आतून आत्याचा आवाज आला. "जाहिराती चालू आहेत तोवर!"

"जा," वहिनी म्हणाली. "सांग तुझे हजार. त्यांना बरं वाटेल."

"तू ये."

"आत गेले की त्या उठतील."

"उठू दे. ये तू."

वहिनीनं पेपर उचलले, मग परत ठेवले आणि उठली. ती वहिनीच्या पुढे झाली. बोळ ओलांडताना तिनं रस्त्यात जुळवलेली वाक्यं आठवून पाहिली आणि ती सगळी तशीच होती, चोख, पुराव्यासकट. हजार म्हटलं की आत्याची मान खाली जाणार होती, आणि मग ती मान वर करून विचारणार होती, मग कुणी दिला गं? आणि कुणीतरी द्यावं लागणार होतं तिला. कुणीतरी कायमच द्यावं लागणार. नाही देणार मी. आज नाही, उद्या नाही, आकडा नाही, म्हातारा नाही, आई नाही. हातात पुरावा असताना भांडायला काय लागतं, ते तर शाळेतलं पोरही भांडेल. तिला आता त्याच्याशिवाय भांडायचं होतं, आणि ते कसं करतात हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

पुढच्या खोलीत आत्यानं मान वळवली, भाचीच्या मागं वहिनी दिसली, आणि हात गुडघ्यांवर गेले. दादानं फोनमधून डोकं वर काढलं. जुळलं असतं तरी, आत्या—हे तिनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. जुळलं असतं तरी. तीन आठवडे जुळलेलंच होतं, आणि तेव्हा ती काय करत होती हे मागं उभ्या असलेल्या बाईला चांगलं ठाऊक होतं. तेव्हा हे शब्द आपल्या तोंडी खरे आहेत की नाहीत याची तिला मुळीच खात्री नव्हती. पण ते खरे होण्याची वाट बघत बसायला आता वेळ नव्हता, आई खोकला थांबायची अशीच वाट बघत बसली होती. तिनं घसा साफ केला. आवाज थरथरणार हे तिला कळत होतं, आणि तिला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.